सॉफ्टवेअरमधली आणि कामाच्या ठिकाणची सर्वसमावेशक भाषा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोड लिहिणारे, डॉक्युमेंटेशन सांभाळणारे, टेस्टिंग करणारे, टीम चालवणारे असे सगळेच हे प्रश्न विचारतात. काही जण उत्सुकतेने विचारतात, काही वैतागून. उत्तरं दोघांसाठी सारखीच आहेत.

सर्वसमावेशक भाषा म्हणजे नेमकं काय?

आपलं लिहिणं-बोलणं ज्यांच्यापर्यंत पोहोचतं, त्यांच्यापैकी कोणालाही आपण इथे परके आहोत किंवा आपल्याला कमी लेखलं जातंय असं वाटू नये, अशा बेताने वापरलेली भाषा. सॉफ्टवेअरच्या कामात ती तीन जागी येते. आपण एकमेकांशी कसं बोलतो, म्हणजे मीटिंग, चॅट, कोड रिव्ह्यू, नोकरीच्या जाहिराती, ही पहिली जागा. वापरकर्त्याला स्क्रीनवर काय वाचायला मिळतं ही दुसरी. आणि कोडच्या पोटातली नावं, म्हणजे व्हेरिएबल, ब्रँच, कमांड, कॉन्फिगरेशन, ही तिसरी.

वाद जवळजवळ नेहमी तिसऱ्या जागेवरून पेटतो. महत्त्वाचा क्रम मात्र मी वर लिहिलाय तोच आहे. माणसांशी थेट बोलताना वापरलेल्या शब्दांचा परिणाम सर्वांत मोठा असतो, आणि तिथे बदल करायला ना रिलीज लागतो ना मायग्रेशन.

हे सगळं २०२०मध्ये अचानक सुरू झालं ना?

नाही. नोव्हेंबर २००३मध्येच अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस काउंटीने पुरवठादारांना पत्र पाठवून यंत्रांवर 'मास्टर' (मालक) आणि 'स्लेव्ह' (गुलाम) अशी लेबलं लावू नका, असं कळवलं होतं. तिथल्या एका कर्मचाऱ्याने तक्रार केली होती. २०१४मध्ये जँगो आणि ड्रुपल या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअर प्रकल्पांनी डेटाबेसच्या संदर्भात 'प्रायमरी' आणि 'रेप्लिका' हे शब्द घेतले. २०१६मध्ये बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणाऱ्या जेन्किन्स या साधनाच्या दुसऱ्या आवृत्तीत 'स्लेव्ह'चा 'एजंट' झाला. २०१८मध्ये पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा आणि रेडिस हा डेटाबेस या दोन्ही प्रकल्पांत यावर जोरदार चर्चा झाली आणि दोघांनीही बदल केले.

२०२० साली वेग वाढला हे खरं. मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि वंशभेदाचा प्रश्न जगभर ऐरणीवर आला. त्याच वर्षी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) कोडिंग नियमांत नव्या शब्दांची शिफारस आली, कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटहबने १ ऑक्टोबरपासून नव्या रेपॉझिटरीच्या (कोडसाठ्याच्या) मुख्य ब्रँचचं, म्हणजे शाखेचं, नाव 'मास्टर'ऐवजी 'मेन' केलं, आणि नोव्हेंबरमध्ये सिस्को, आयबीएम, रेड हॅट, व्हीएमवेअर, लिनक्स फाउंडेशन आदींनी मिळून 'इन्क्लुझिव्ह नेमिंग इनिशिएटिव्ह' सुरू केला.

'मास्टर-स्लेव्ह' ही तांत्रिक संज्ञा आहे. तिच्यात कोणाचा अपमान आहे?

पहिली गोष्ट माणसांची. गुलामगिरी ही दंतकथा नाही. ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा माल म्हणून विकले गेले, अशी माणसं आज तुमच्या टीममध्ये, ग्राहकांमध्ये, तुमचं डॉक्युमेंटेशन वाचणाऱ्यांमध्ये आहेत. 'स्लेव्ह मेला, दुसरा उभा करा' हे वाक्य रात्रीच्या ऑनकॉलमध्ये (बिघाड झाल्यास धावून जायच्या पाळीत) कितीही सहज बोललं गेलं तरी ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते सारखंच ऐकू येत नाही. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, हे मान्यच आहे. पण हेतू चांगला होता म्हणून शब्द चांगला ठरत नाही.

दुसरी गोष्ट अभियांत्रिकीची, आणि ती पुरेशी बोलली जात नाही. ही जोडी संज्ञा म्हणूनही ढिली आहे. डेटाबेसमध्ये 'स्लेव्ह' म्हणजे दुसऱ्या सर्व्हरच्या डेटाची प्रत ठेवणारा सर्व्हर. जेन्किन्समध्ये 'स्लेव्ह' म्हणजे बिल्ड चालवणारं मशीन. चिप एकमेकींना जोडणाऱ्या एसपीआय बसवर 'स्लेव्ह' म्हणजे कंट्रोलरने निवडल्याशिवाय न बोलणारी चिप. घड्याळं जुळवणाऱ्या पीटीपी प्रोटोकॉलमध्ये 'स्लेव्ह' म्हणजे वेळ ऐकून घेणारं उपकरण. चार पूर्ण वेगळी नाती, आणि चारही एकाच जोडीत कोंबलेली! नव्या माणसाने ते वाचून काय समजायचं?

बदललेली नावं पाहा. डेटाबेसमध्ये 'प्रायमरी' आणि 'रेप्लिका': प्रत कोण ठेवतं ते नावातच आलं. जेन्किन्समध्ये 'कंट्रोलर' आणि 'एजंट'. एसपीआयमध्ये 'कंट्रोलर' आणि 'पेरिफेरल'. पीटीपीमध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या १५८८ मानकाच्या २०२२च्या दुरुस्तीने 'टाइमट्रान्समीटर' आणि 'टाइमरिसीव्हर' हे पर्याय दिले. अनेक सर्व्हरवर (नोडवर) सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीत 'मास्टर नोड'ऐवजी 'कंट्रोल प्लेन'. प्रत्येक ठिकाणी नवं नाव जुन्यापेक्षा जास्त सांगतं. शिवाय मुख्य सर्व्हर पडल्यावर रेप्लिकालाच बढती देऊन प्रायमरी करतात, ही रोजची गोष्ट जुन्या जोडीत मुळी बसतच नव्हती.

म्हणून 'मास्टर-स्लेव्ह'ला एकच सार्वत्रिक पर्याय शोधत बसू नका. तुमच्या प्रणालीत ते दोन घटक एकमेकांचं काय करतात हे एका वाक्यात लिहा. नाव बहुतेक वेळा त्या वाक्यातच सापडतं. लिनक्सच्या नियमांतही एकच जोडी दिलेली नाही: प्रायमरी-सेकंडरी, इनिशिएटर-टार्गेट, रिक्वेस्टर-रिस्पाँडर, कंट्रोलर-डिव्हाइस, लीडर-फॉलोअर अशा अनेक जोड्या आहेत, त्या याच कारणासाठी.

'ब्लॅकलिस्ट' शब्दाचा वंशाशी संबंधच नाही. तो का बदलायचा?

शब्दाचा उगम त्वचेच्या रंगातून झालेला नाही, हे बरोबर आहे. बदलाच्या बाजूने बोलताना खोटी व्युत्पत्ती सांगू नये. त्याने आपलीच बाजू कमकुवत होते.

अडचण जोडीत आहे. काळं म्हणजे वाईट आणि अडवायचं, पांढरं म्हणजे चांगलं आणि आत घ्यायचं, हे समीकरण आपण फायरवॉलपासून ईमेल फिल्टरपर्यंत सगळीकडे गिरवतो. ब्रिटनच्या नॅशनल सायबर सिक्युरिटी सेंटरने २०२०मध्ये हेच कारण देऊन 'अलाउ लिस्ट' आणि 'डिनाय लिस्ट' हे शब्द स्वीकारले. इथे फायदा उघड आहे: परवानगीची यादी आणि नकाराची यादी. कोणती कोणती हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

गिटच्या 'मास्टर' ब्रँचचं काय? तिथे 'स्लेव्ह' कुठे होता?

नव्हताच. गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात 'मास्टर'च्या जोडीला 'स्लेव्ह' नावाची ब्रँच कधी नव्हती. त्यामुळे इथली निकड वरच्या उदाहरणांएवढी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. नवी रेपॉझिटरी 'मेन'ने सुरू करा. गिटच्या २.२८ या आवृत्तीपासून सुरुवातीच्या ब्रँचचं नाव कॉन्फिगरेशनमधून ठरवता येतं. 'मेन' छोटं आहे, आणि आता नव्या लोकांना तेच ओळखीचं आहे.

जुन्या रेपॉझिटरीचं नाव बदलायचं असेल तर एखादा शांत दिवस निवडा. गिटहबवर नाव बदललं की वेबवरचे जुने दुवे नव्या नावाकडे वळतात आणि उघड्या पुल रिक्वेस्टही (बदल सामावून घेण्याच्या विनंत्या) आपोआप नव्या ब्रँचला जोडल्या जातात. मात्र सीआयच्या (आपोआप चालणाऱ्या बिल्ड-चाचण्यांच्या) फाइली, डिप्लॉयमेंट स्क्रिप्ट, डॉक्युमेंटेशनमधल्या कमांड आणि प्रत्येकाच्या मशीनवरची प्रत या गोष्टी आपोआप बदलत नाहीत. टीमला आदल्या दिवशीच नेमक्या कमांड पाठवून ठेवा.

नावं बदलताना प्रणाली मोडली तर?

मोडू शकते. याचं सर्वांत बोलकं उदाहरण रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाचं आहे. १४ मार्च २०२३ रोजी रेडिट ३१४ मिनिटं बंद पडलं. त्यांच्या इंजिनिअरांनी नंतर स्वतःच सविस्तर कारण प्रसिद्ध केलं: कुबरनेटीस १.२३वरून १.२४वर नेताना नोडवरचं 'मास्टर' हे लेबल गेलं, आणि नेटवर्कच्या मार्गांची माहिती पसरवणारे 'रूट रिफ्लेक्टर' कोणते हे नेमकं त्याच लेबलवरून ठरत होतं. लेबल गेलं, रिफ्लेक्टर सापडेनात, क्लस्टरचं नेटवर्क कोसळलं.

यावरून 'पाहा, शब्द बदलण्याच्या हट्टापायी साइट पडली' असं म्हणणारे भेटतात. मला हा निष्कर्ष पटत नाही. कुबरनेटीसने ते लेबल १.२०मध्येच कालबाह्य जाहीर केलं होतं. ते काढलं चार आवृत्त्यांनंतर. मधल्या काळात जुनं आणि नवं, दोन्ही लेबलं नोडवर होती. राहिलं ते एवढंच, की त्या लेबलवर कोण अवलंबून आहे याची नोंद कुठेच नव्हती. नाव कोणत्याही कारणाने बदललं असतं तरी तेच झालं असतं. सार्वजनिक नाव बदलणं हा एपीआय (इतर प्रोग्रामनी वापरायचा इंटरफेस) बदलण्याइतकाच गंभीर बदल आहे आणि त्याला तीच शिस्त लागते.

ती शिस्त अशी. आधी नवं नाव आणा आणि जुनं उपनाम म्हणून चालू ठेवा, दोन्हींचं वर्तन तंतोतंत सारखं. मग जुन्या नावाच्या प्रत्येक वापराला लॉगमध्ये इशारा द्या आणि असे वापर मोजा. हे मोजणं सोडू नका, कारण कोण अवलंबून आहे हे तिथेच कळतं. डॉक्युमेंटेशन आणि उदाहरणं लगेच नव्या नावावर न्या, कारण लोक तिथूनच कॉपी करतात. जुनं नाव काढायचं ते मोठ्या आवृत्तीत, आगाऊ सांगून, आणि वापर जवळपास शून्यावर आल्यावर.

मायएसक्यूएल या डेटाबेसने साधारण हेच केलं. जुलै २०२०मध्ये घोषणा झाली. ८.०च्या पुढच्या रिलीजांमध्ये 'स्टार्ट रेप्लिका'सारख्या नव्या कमांड आल्या, जुन्याही चालत राहिल्या. त्या निघाल्या २०२४च्या ८.४ आवृत्तीत. रेडिसने पाचव्या आवृत्तीत 'रेप्लिकाऑफ' ही नवी कमांड दिली आणि 'स्लेव्हऑफ' चालू ठेवली. दोन्ही मार्ग योग्य आहेत. तुमचे वापरकर्ते किती लवकर अपग्रेड करतात त्यावर निवड करा.

एक सावधगिरी: शब्द बदलणारी पुल रिक्वेस्ट फक्त शब्दच बदलणारी असू द्या. तिच्यात बग दुरुस्ती किंवा रिफॅक्टरिंग (वर्तन तेच ठेवून कोडची पुनर्रचना) मिसळलं की रिव्ह्यू करणाऱ्याला हजार ओळींत खरा बदल शोधत बसावं लागतं.

कोणत्या ठिकाणी हात लावूच नये?

बाहेरच्या मानकाने, हार्डवेअरच्या डेटाशीटने किंवा दुसऱ्याच्या एपीआयने ठरवलेलं नाव तुमच्या कोडमध्ये एकट्याने बदलू नका. डेटाशीटमध्ये रजिस्टरचं एक नाव आणि कोडमध्ये दुसरंच, असा गोंधळ होतो. लिनक्सच्या नियमांतही हा अपवाद स्पष्ट दिलाय: वापरकर्त्यांपुढे असलेला जुना इंटरफेस टिकवायचा असेल किंवा मानकच तो शब्द सक्तीचा करत असेल, तर तो राहू द्यावा. जुनी पत्रं, जुने कमिट संदेश (कोडबदलांच्या नोंदी), उद्धृतं यांनाही हात लावू नका. कमिटचा इतिहास नव्याने लिहिणं तर मुळीच नको.

मग 'किल', 'ऑर्फन', 'झोंबी प्रोसेस', 'स्क्रम मास्टर' यांचं काय?

राहू द्या. पहिले तीन शब्द ऑपरेटिंग सिस्टिममध्ये चालणाऱ्या प्रोग्रामबद्दलचे आहेत, आणि यातला कोणताही शब्द माणसांच्या एखाद्या गटाला खालचा दर्जा देत नाही. 'स्क्रम मास्टर'मधला 'मास्टर' निपुण या अर्थाचा आहे, 'मास्टर्स डिग्री'तलाही तसाच. इन्क्लुझिव्ह नेमिंग इनिशिएटिव्हनेही शब्दांचे निकडीनुसार स्तर केले आहेत आणि बदलायची गरज नाही अशा शब्दांचाही एक स्तर ठेवलाय. वापरकर्त्याला दिसणाऱ्या संदेशात मात्र 'किल' आणि 'अबॉर्ट'ऐवजी 'थांबवा', 'रद्द करा' लिहा. अर्ज भरत बसलेल्या माणसाला ऑपरेटिंग सिस्टिमची बोली कशाला ऐकवायची?

'सॅनिटी चेक', 'डमी', 'मॅन-अवर्स' हे पण आक्षेपार्ह?

हे लहान शब्द आहेत, पण बदलणं अतिशय सोपं आहे. 'सॅनिटी चेक' मानसिक आजाराला चुकीच्या किंवा निकामी असण्याशी जोडतो. 'प्राथमिक तपासणी' किंवा 'सुसंगती तपासणी' म्हटलं की काय तपासतोय तेही कळतं. एखादी सोय काढून घेतलेल्या आवृत्तीला 'क्रिपल्ड' (पांगळी) म्हणणं सरळच टाळावं. 'डमी व्हॅल्यू'ऐवजी 'प्लेसहोल्डर' किंवा 'नमुना', 'मॅन-अवर्स'ऐवजी 'व्यक्ती-तास'. सुरक्षेच्या क्षेत्रात 'मॅन-इन-द-मिडल'ला मायटर अटॅक या हल्ल्यांच्या पद्धतींच्या सूचीत 'ॲडव्हर्सरी-इन-द-मिडल' असं नाव आहे, आणि मध्ये बसलेला शत्रू आहे हे त्यातून जास्त स्पष्ट होतं.

'ग्रँडफादर्ड' या शब्दामागची गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. जुन्या ग्राहकांना जुन्याच अटी लागू ठेवणं, या अर्थाने तो आपण बिलिंगच्या कोडमध्ये लिहितो. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांनी यादवी युद्धानंतर मतदानाला साक्षरतेच्या परीक्षेसारख्या अटी घातल्या आणि ज्यांच्या आजोबांना मताधिकार होता त्यांना त्यातून सूट दिली. ज्यांचे आजोबा गुलाम होते त्यांना अर्थातच ती सूट नव्हती. अशी कलमं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५मध्ये रद्द ठरवली. 'लेगसी' किंवा 'पूर्वीच्या अटींवर' लिहिलं की काम भागतं.

मीटिंगमध्ये आणि चॅटवर काय बदलायचं?

'गाइज', 'बॉइज' यांऐवजी 'टीम', 'सगळे', 'मंडळी'. खोलीत एकटीच स्त्री असेल तर तिच्याकडे बघून 'सॉरी हं' म्हणत पुढे जाण्यापेक्षा सुरुवातीलाच योग्य संबोधन वापरणं केव्हाही चांगलं. अनोळखी इंजिनिअरचा उल्लेख 'तो' असा गृहीत धरून करू नका. ज्याला-तिला आपलं नाव जसं उच्चारलेलं हवं तसं उच्चारायला शिका, एकदा विचारायला संकोच नको. एखाद्याने आपल्यासाठी कोणतं सर्वनाम वापरावं ते सांगितलं असेल तर तेच वापरा. त्यावर चर्चा करायची नसते.

दिसण्या-ऐकण्यावर अवलंबून असलेल्या वाक्यांकडेही लक्ष द्या. 'स्क्रीनवर दिसतंच आहे की...' म्हणून पुढे गेलात तर कॉलवर फक्त ऐकणारे आणि अंध सहकारी दोघंही सुटतात. आलेखात काय आहे ते एका वाक्यात सांगा. डॉक्युमेंटेशनमध्ये 'इथे क्लिक करा' अशा दुव्यांऐवजी दुव्यातच मजकूर लिहा: 'इन्स्टॉलेशन मार्गदर्शक'. स्क्रीन रीडर (मजकूर वाचून दाखवणारं साधन) वापरणारे अनेक जण पानावरच्या दुव्यांची यादी ऐकत पुढे जातात. त्या यादीत सलग दहा वेळा 'इथे' ऐकू आलं तर काय उपयोग?

कोड रिव्ह्यूमध्ये याचा काय संबंध?

खूप आहे. माझ्या मते रोजच्या कामात माणसं सर्वांत जास्त दुखावतात ती इथेच, आणि तेही कोणत्याही यादीत नसलेल्या शब्दांनी. 'हे उघडच आहे', 'फक्त एवढंच तर करायचंय', 'हे तर कोणालाही कळेल'. ज्याला कळलं नाही त्याने पुढे विचारायचंच बंद केलं, तर बग तसाच आत जातो.

माणसाबद्दल लिहू नका, कोडबद्दल लिहा. 'तू इथे लॉक विसरलास' यापेक्षा 'दोन थ्रेड एकाच वेळी इथे आले तर काउंटर चुकेल, लॉक हवं' हे जास्त उपयोगी आहे, कारण त्यात काय बिघडेल ते लिहिलंय. घटनेनंतरच्या अहवालातही हेच: कोणी कमांड चालवली यापेक्षा ती कमांड प्रॉडक्शनवर इतक्या सहज का चालू शकली, हे लिहा.

ज्यांची पहिली भाषा इंग्रजी नाही त्यांचं काय?

जगातल्या बहुसंख्य प्रोग्रामरांची ती पहिली भाषा नाही. क्रिकेट, बेसबॉल, युद्ध, विशिष्ट देशातल्या मालिका यांवर बेतलेले वाक्प्रचार तांत्रिक मजकुरात आले की अर्धा वाचकवर्ग अडखळतो. 'बॉलपार्क आकडा'ऐवजी 'अंदाजे आकडा', 'वॉर रूम'ऐवजी 'घटना कक्ष'. छोटी वाक्यं, संक्षेपाचं पूर्ण रूप पहिल्यांदा लिहिणं, तारीख लिहिताना महिना अक्षरांत देणं, यानेही लोक सामावले जातात. ०४/०५ म्हणजे एप्रिल की मे, यावर किती वेळा गोंधळ झालाय हे कोणत्याही वितरित टीमला विचारा.

नोकरीच्या जाहिरातीच्या भाषेने खरंच फरक पडतो?

पडतो. गॉशर, फ्रीसन आणि के या संशोधकांनी २०११मध्ये दाखवलं की वर्चस्व, स्पर्धा, आक्रमकता अशा पुरुषी छटेच्या शब्दांनी भरलेल्या जाहिराती स्त्रियांना कमी आकर्षक वाटतात. कारण कौशल्याची शंका हे नव्हतं, 'इथे आपण बसू का' ही शंका होती. म्हणजे 'कोडिंग निन्जा', 'रॉकस्टार' असं लिहून तुम्ही योग्य उमेदवारच परत पाठवता. 'तरुण, तडफदार टीम' वाचून पंचेचाळिशीतला अनुभवी इंजिनिअर अर्ज करत नाही. काम काय आहे, पहिल्या वर्षात काय करायचंय, कोणती कौशल्यं आवश्यक आणि कोणती असली तर बरं, एवढं लिहा.

मराठीत इंटरफेस लिहिताना काय अडचण येते?

इंग्रजीपेक्षा वेगळी आणि जास्त नाजूक. मराठीत क्रियापदालाच लिंग चिकटतं. 'मी अटी स्वीकारतो' असं बटणावर लिहिलं की अर्ध्या वापरकर्त्यांना वगळलं. 'स्वीकारतो/स्वीकारते' अशी तिरकी रेघ सगळीकडे मारत सुटलो तर मजकूर वाचवत नाही. बहुतेक वेळा वाक्य फिरवून मार्ग निघतो: 'मला अटी मान्य आहेत'. 'मी सहमत आहे' हेही चालतं.

दुसऱ्या माणसाबद्दल सूचना द्यायची तर 'यांनी' हे आदरार्थी रूप मोठी मदत करतं. नावानंतर 'यांनी तुमच्या फाइलवर टिप्पणी केली' लिहिलं की स्त्री-पुरुष कोणीही असो, वाक्य चपखल बसतं, कारण क्रियापद टिप्पणीनुसार चालतं. 'सामील झाले' इथे मात्र ती सोय नाही, स्त्रीसाठी 'झाल्या' हवं. तेव्हा 'यांनी गटात प्रवेश केला' असं लिहा. वापरकर्त्याशी बोलताना 'तुम्ही' ठेवा: 'पासवर्ड विसरलात?' हे सर्वांना चालतं आणि आदरही राखतं.

हे सगळं शक्य व्हायचं तर डेव्हलपरने वाक्यं तुकड्यातुकड्यांनी जोडता कामा नयेत. नाव, क्रियापद आणि वस्तू अशा तीन वेगळ्या स्ट्रिंग दिल्या की भाषांतरकाराचे हात बांधले जातात. पूर्ण वाक्य एकाच स्ट्रिंगमध्ये द्या, आणि लिंगानुसार रूप निवडायची खरोखर गरज असेल तिथे आयसीयू या बहुभाषिक मजकुरासाठीच्या लायब्ररीच्या संदेश स्वरूपातली 'सिलेक्ट' सोय वापरा.

फॉर्म आणि नमुना डेटाबद्दल काही?

'पहिलं नाव' आणि 'आडनाव' दोन्ही सक्तीची करू नका, एकच नाव असलेली माणसं जगात भरपूर आहेत. नावात फक्त रोमन अक्षरंच चालतील, किमान तीन अक्षरं हवीत, असे नियम काढून टाका. लिंग विचारायची गरज असेल तरच विचारा, आणि का विचारताय ते लिहा.

नमुना चित्रांबाबतही विचार हवा. प्रतिमा प्रक्रियेच्या क्षेत्रात 'लेना' हे चित्र १९७३पासून चाचणीसाठी वापरात होतं. ते पुरुषांसाठीच्या एका मासिकाच्या नोव्हेंबर १९७२च्या अंकातल्या छायाचित्रातून कापलेलं होतं. या क्षेत्रात शिकायला आलेल्या कित्येक मुलींचं पहिल्याच प्रात्यक्षिकात याने स्वागत व्हायचं. आयईईई कॉम्प्युटर सोसायटीने १ एप्रिल २०२४पासून हे चित्र असलेले शोधनिबंध स्वीकारणं थांबवलं.

शब्द शोधायला एखादं साधन आहे?

वेल, ॲलेक्स, वोक अशी मुक्त स्रोत साधनं आहेत. सीआयमध्ये लावा, पण पहिल्या दिवसापासून बिल्ड पाडू नका. आधी फक्त बदललेल्या ओळींवर सूचना देऊ द्या. अपवादांची यादी ठेवा, नाहीतर बाहेरच्या लायब्ररीच्या प्रत्येक जुन्या नावावर लाल खूण येईल आणि लोक ते साधनच बंद करतील. शोध पूर्ण शब्दाचा असू द्या: 'man' शोधताना 'manager' आणि 'command' अडकले तर कोणीच गांभीर्याने घेणार नाही.

कोड सुचवणारे एआय सहायकही तपासा. ते जुन्या कोडवर शिकलेले असतात आणि जुनीच नावं सुचवू शकतात. प्रकल्पाच्या सूचना-फाइलीत तुमच्या संज्ञा लिहून ठेवा.

शब्द बदलून वंशभेद किंवा लिंगभेद जातो का? हा देखावा नाही का?

जात नाही. पगारातली तफावत, बढतीत डावललं जाणं, मुलाखतीतला पूर्वग्रह यांतलं काहीही ब्रँचचं नाव बदलून सुटत नाही. अनेक कृष्णवर्णीय इंजिनिअरांनी २०२०मध्ये हीच टीका केली होती आणि ती रास्त होती. कंपनीने शब्दांची यादी प्रसिद्ध करून बाकी सगळं होतं तसंच ठेवलं तर तो देखावाच.

पण मोठं काम बाकी आहे म्हणून लहान काम टाकून द्यावं, हेही पटत नाही. दोन्हींना लागणारी माणसं आणि वेळ वेगळे असतात. कॉन्फिगरेशनमधलं एक नाव बदलल्याने कोणाची पगारवाढ अडत नाही.

हे कुठे थांबायचं? उद्या सगळेच शब्द आक्षेपार्ह ठरतील.

भीती अगदीच निराधार नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आयटी विभागाने बनवलेल्या एका यादीत 'अमेरिकन' या शब्दालाही पर्याय सुचवला होता. डिसेंबर २०२२मध्ये तिच्यावर इतकी टीका झाली की ती मागे घ्यावी लागली. लांबलचक यादीने लोक घाबरतात, आणि घाबरलेली माणसं बोलायचंच टाळतात.

मी दोन प्रश्न विचारते. हा शब्द माणसांच्या एखाद्या गटाला दुय्यम ठरवतो का, किंवा त्यांच्या दुःखाला नुसती उपमा बनवतो का? आणि त्याच्या जागी तितकाच किंवा अधिक नेमका शब्द आहे का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तर बदला. पहिल्याचं 'नाही' असेल तर सोडा. पहिल्याचं 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असेल तर टीमने मिळून विचार करावा, आणि त्या शब्दाचा फटका ज्यांना बसतो त्यांचं आधी ऐकावं. पण त्यांनाच सगळ्यांचे शिक्षक बनवू नये.

सहकाऱ्याने जुना शब्द वापरला तर?

तुम्ही नवा शब्द वापरून बोलणं पुढे न्या. 'हो, रेप्लिका मागे पडतेय, लॅग तपासू या.' बहुतेक वेळा एवढं पुरतं. पुन्हा पुन्हा होत असेल तर खासगीत, एका वाक्यात सांगा. चारचौघांत टोकू नका. वीस वर्षं एक शब्द वापरलेल्या माणसाच्या तोंडून तो निसटणारच. मुद्दाम डिवचण्यासाठी कोणी तो वापरत असेल तर तो शब्दांचा नाही, वर्तनाचा प्रश्न आहे आणि तो मॅनेजरने हाताळायचा.

आमची टीम छोटी आहे, वेळ नाही. सुरुवात कुठून करू?

नव्या लिखाणापासून. आजपासून जे नवं व्हेरिएबल, नवं पान, नवी जाहिरात लिहाल ते नव्या शब्दांत लिहा. रेपॉझिटरीत एक छोटी संज्ञा-फाइल ठेवा: आपण कोणता शब्द वापरतो, कोणत्याऐवजी, आणि का. दहा-बारा ओळी पुष्कळ झाल्या. जुन्या कोडमध्ये एखादी फाइल दुसऱ्या कामासाठी उघडलीत तर तिच्यातली अंतर्गत नावं वेगळ्या कमिटमध्ये बदला. बाहेर दिसणारी नावं पुढच्या मोठ्या आवृत्तीच्या यादीत टाका, आणि त्या नावांवर कोण अवलंबून आहे याची मोजणी मात्र आजच सुरू करा, कारण आवृत्ती निघायच्या आठवड्यात ती माहिती मिळत नसते.